आठवड्यातून दोनदा

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे त्यांना सगळे वेलांटीबाईच म्हणत. निवृत्तीनंतर त्या नावानं हाक मारणारा एकटा थोरला भाऊ उरला होता. दोघंही बिनलग्नाची, एकाच घरात राहणारी. गेल्या हिवाळ्यात दादा गेला आणि घरात हाक मारणारंच कुणी राहिलं नाही.

त्याची गाडी तेव्हापासून खाली उभीच होती. बाईंना चालवता येत होती, पण दादा असताना तशी वेळच आली नव्हती. एके सकाळी डोळे तपासायला जायचं म्हणून त्यांनी गाडीचं बटण दाबलं. समोरचे दिवे लुकलुकले आणि सगळं गप्प झालं.

फोनवर बॅटरीवाल्यानं जुन्या बॅटरीवरचा नंबर आणायला सांगितलं. बाईंनी बॉनेट उघडून तो कागदावर उतरवला, एकेका अक्षरावर बोट ठेवून दोनदा पडताळला आणि चालत दुकान गाठलं.

ही गाडी सिग्नलला आपोआप बंद होते नि पुन्हा सुरू होते, त्यामुळे साधी बॅटरी सहा महिन्यांत मान टाकेल, हिला त्यासाठीचीच खास बॅटरी लागेल, असं बॅटरीवाल्यानं समजावलं. फळीवरची एक काढून त्यानं काउंटरवर ठेवली. बाईंनी चष्मा सारखा केला.

"शेवटचं अक्षर वेगळं आहे," त्या म्हणाल्या.

त्यानं वाकून पाहिलं. खरंच होतं. त्या बॅटरीची टोकं उलट्या बाजूला होती. गाडीतली वायर तिथवर पोचलीच नसती.

"मावशी, तुम्ही कामाला कुठं होता?"

एवढं विचारायचा अवकाश, बाई पाऊण तास बोलत राहिल्या. एका पत्रिकेत 'शुभविवाह'चा 'शुभविवाद' होता होता कसा वाचला, तेही सांगितलं. तो पोट धरून हसला. कित्येक महिन्यांत त्यांचं कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

दुपारी त्यानं घरी येऊन बॅटरी बसवली, एक यंत्र जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद केली आणि निघताना बजावलं, "आठवड्यातून दोनदा अर्धा तास फिरवा. नुसत्या उभ्या गाडीतच बॅटरी खराब होते."

फिरवायची तर कुठं? बाईंना जाण्यासारखं ठिकाण नव्हतं. मंगळवारी त्या दुकानावर गेल्या आणि बॅटरी एकदा तपासायला सांगितली. त्यानं मीटर लावला, ठीक म्हणाला. शुक्रवारी पुन्हा गेल्या. पुढच्या मंगळवारी दुकानात गर्दी होती, तरी त्यानं हात पुसत बाहेर येऊन मीटर लावला.

"ठणठणीत आहे, मावशी. आता वर्षभर तरी दाखवायची गरज नाही. उगाच कशाला हेलपाटे घालता?"

तो काळजीनंच बोलला होता. बाईंनी बरं म्हटलं, त्याचे आभार मानले आणि घरी आल्या.

शुक्रवारी त्यांनी गाडी काढलीच. दुकानाजवळ वेग जरा कमी झाला. बॅटरीवाला कुणाच्या तरी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्या थांबल्या नाहीत. घड्याळ बघत पंधरा मिनिटं सरळ गेल्या, वळल्या आणि पंधरा मिनिटांत परत आल्या. गाडी जागेवर लावून बंद केली. वर जायची घाई नव्हती. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या.