अंधार म्हटल्याशिवाय

"अंधार?" फोनमधून जोडाऱ्याने विचारलं.

वहिनीने पडद्यावरची राखाडी रेघ एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, आणि मग म्हणाली, "अंधार."

"अंधार," तो पलीकडून म्हणाला आणि कामाला लागला.

लग्नाच्या आधीपासून त्या दोघांचं हेच चालत आलं होतं. तो फायबर जोडायचा. केसाइतक्या बारीक काचेच्या धाग्यांतून सगळ्या शहराचे फोन, निरोप, भांडणं उजेड होऊन धावायची. ती कंट्रोल रूममध्ये बसून कुठल्या वाटेवर किती वाहतूक आहे ते बघायची. वाट उघडायची तर आधी तिच्यातला उजेड बंद हवा, कारण तो उजेड डोळ्यांना दिसत नाही आणि डोळ्यांना सोडतही नाही. म्हणून आधी तिने सांगायचं, त्याने ते परत म्हणून दाखवायचं, मगच प्लग काढायचा. नवखा असताना त्याने एकदा घाबरून विचारलं होतं, तिने सांगितलं होतं, तेव्हापासून ती रीत पडली. "यांचं लग्न अंधारात जमलं," असं ऑफिसातले लोक चिडवायचे. लग्नानंतर ती सगळ्यांचीच वहिनी झाली.

नियमांच्या पुस्तकात ही रीत नव्हती. पुस्तकात होतं मीटर. तळहातावर मावेल एवढं, उजेड मोजायचं. वाट उघडली की डोळा नेण्याआधी ते लावायचं. त्याचं मीटर पिशवीच्या तळाशी पडलेलं असायचं.

"लावत जा हो ते," ती म्हणायची.

"कशाला? बायको घरी वाटेल ते सांगते, पण फोनवर खोटं बोलत नाही."

तिला ते ऐकायला बरं वाटायचं. त्यामुळे ती फारसा आग्रह धरायची नाही.

मग नवं यंत्र आलं. त्याच्यासाठी खोली आणखी गार केली, काचेचं कपाट केलं. त्याला धूळ चालत नव्हती, उकाडा चालत नव्हता, आणि उलट प्रश्न तर मुळीच चालत नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव जावई पडलं.

"आता एक वाट बिघडली की जावई स्वतःच दुसरी शोधणार," साहेबांनी समजावलं. ते मनाने चांगले होते, कोणाला तोडून बोलत नसत. "पापणी लवायच्या आत. तुम्हाला हात लावायला नको, वहिनी."

"आणि त्याने कुठली शोधली ते मला कधी कळणार?"

"शोधल्यावर."

साहेब हसले. ती हसली नाही.

पूर्वी पडद्यावरच्या रेघा तिच्या हाताने बदलायच्या. आता ती पाणी पिऊन परत आली की हिरव्या रेघांची गुंतवळ वेगळीच झालेली असायची. पाठ वळली की कोणीतरी घरात शिरून भांडी इकडची तिकडे करून ठेवतंय, असं तिला वाटायचं. एकदा तर विसाव्याला असलेली एक राखाडी रेघ तिच्या डोळ्यांदेखत पिवळी झाली आणि लगेच पुन्हा राखाडी. जणू अंधारात कोणीतरी दार ढकलून पाहिलं आणि परत गेलं.

"साहेब, हे काय झालं?"

"वाट चाचपत असेल. सवय आहे त्याची."

"तिथे माणसाचा हात असला तर?"

"मग कुलूप लावायचं. पडद्यावर खूण करा, तो तिकडून वाहतूक नेणार नाही."

रात्री जेवताना तिने नवऱ्याला हे सांगितलं. "जावई सगळ्या वाटा चाचपत असतो. तेवढं मीटर लावत जा."

"तू कुलूप लावलंस, तू अंधार म्हणालीस, विषय संपला. वाढ जरा भाजी."

त्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी, तो पुलापलीकडच्या केबिनमध्ये राखीव वाटेचे प्लग पुसायला गेला. पुसून झालं की हातातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्लगच्या टोकावर धूळ राहिली नाही ना, ते बघायचं असतं. तिने कुलूप लावलं. कुलपाची खूण उमटली. रेघ राखाडी होती.

"अंधार?"

"अंधार."

"अंधार. फोन चालू ठेव, पुढचा प्लगही लगेच करतो."

ती पडद्याकडे बघत राहिली. फोनमधून त्याचं गुणगुणणं येत होतं. काम मनासारखं चाललं की तो असंच गुणगुणायचा. तेवढ्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक रेघ लाल झाली. कोणीतरी रस्ता खोदताना केबल तोडली असणार. आणि इकडे, कुलपाची खूण तशीच असताना, राखाडी रेघ पिवळी झाली.

"बाजूला व्हा!" ती ओरडली. "अहो, डोळा काढा!"

"काय झालं?"

"उजेड आहे! डोळा काढा आधी!"

"काढला, काढला. एवढी काय किंचाळतेस? कान फुटला माझा." तो हसत होता. "इथे तर काहीच दिसलं नाही मला."

रेघ पुन्हा राखाडी झाली होती. जावयाला तोवर दुसरीकडून वाट मिळाली होती. सगळ्या शहरात कोणाचाही फोन तुटला नाही.

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. "कुलूप होतं, साहेब."

साहेबांनी पडदा पाहिला. "कुलूप वाहतुकीला असतं, वहिनी. वाट धड आहे का ते बघायला तो उजेड टाकतोच. पलीकडून उत्तर आलं नाही की काढून घेतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मलाही आत्ताच उमगतंय."

"केवढा उजेड टाकतो?"

"लांबच्या वाटेला लागतो तेवढा," साहेब म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा उजवा डोळा चोळत होता. "धूळ गेली असेल. त्या केबिनीत कोणी झाडू मारत नाही." तिने पाणी मारायला लावलं. सकाळी डोळा उघडेना.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजला आहे, म्हणाले. जखम भरेल, पण डाग राहील, आणि तो नेमका नजरेच्या मध्ये आहे.

"मी काच जोडतो, डॉक्टर," जोडारी म्हणाला. "तुम्हाला हे जोडता येतंय का बघा." डॉक्टर हसले नाहीत. घरी जाताना वाटभर त्याने तिचा हात सोडला नाही. पायरी आली की मात्र पाय आधी चाचपायचा.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली.

"मीटर लावलं होतं?"

"नाही," जोडारी म्हणाला. "चूक माझी."

"मी अंधार म्हटलं होतं," वहिनी मध्येच बोलली. "लिहा ते. मी म्हटलं, म्हणून त्यांनी डोळा लावला."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसतही होतं. "कुठे लिहू, वहिनी? नियमात तो शब्दच नाही."

"गप्प बस गं," नवरा हळूच म्हणाला. "एकाची नोकरी तरी राहू दे."

ती गप्प बसली. जोडाऱ्याला गोदामात सामान देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवलं. त्याच्या जागी आलेला माणूस कामाचा होता. तो मीटर लावायचा, आकडा बघायचा आणि काम झालं की फोन करून तेवढंच कळवायचा. तिला काही विचारायचा नाही. ती गार खोलीत बसून राहायची, आणि समोर रेघा आपल्या आपण पिवळ्या व्हायच्या, राखाडी व्हायच्या.

एका रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा गेला. खिडकीतून अजून थोडा उजेड येत होता. तो नवा बल्ब घेऊन स्टुलावर चढला. एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं. हात होल्डरच्या अलीकडेच फिरत राहिला. मग सापडला. त्याने हात तिथेच थांबवला.

"अंधार?" त्याने विचारलं.

ती बटणापाशी उभी होती. बटण बंद होतं. तिने ते बोटाने पुन्हा चाचपून पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. ती परत दारात येऊन उभी राहिली. तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना.

"अगं, आहेस ना?"

"आहे."

बल्ब हातात धरून, पांढरा डाग पडलेला डोळा छताकडे लावून, हात वर तसाच ठेवून तो थांबून राहिला.