मास्तरचा मित्र

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. खरे म्हणजे मशीनचा खालचा अर्धा भाग, लोखंडी पाय आणि पायडल. आत्मकथेत इथे 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. 'मित्र' या शब्दानेच माझे वाटोळे केले.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. एका शिंप्याने मला घेतले, त्याच्यामागे मी त्याच्या मुलाकडे आले. शिंप्याला म्हणतात तसे त्याला सगळे 'मास्तर' म्हणत. हात चांगला, अक्कल बेताची. माझ्यासारखी मशीन असताना त्याला तयार कपड्यांचे दुकान काढायची हौस आली. कर्जावर कर्ज काढले आणि दुकान बसले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे कापड मापून कापणाऱ्याला आणखी कोणी शिकवायचे? मला तेल मिळेनासे झाले आणि दारात वसुलीवाले येऊ लागले.

एकदा एक वकीलबाई काळ्या कोटाचे अस्तर बदलून घ्यायला आल्या. मास्तर दोरा ओवता ओवता म्हणाला,

"मॅडम, माझा एक मित्र आहे. पार बुडालाय. दिवाळखोरीचा अर्ज केला तर तुरुंगात टाकतात का हो?"

"कर्ज फिटत नाही म्हणून नाही टाकत. लपवाछपवी केली तर मात्र महागात पडतं."

"आणि बायकोचे दागिने?"

"तिचे स्वतःचे असतील तर तिचेच राहतील."

"चारचौघांत कळतं का?"

"नोटीस निघते. पण आत्ता कुणाला कळलेलं नाही, असं वाटतंय का त्याला?"

मास्तरचे कान लाल झाले. सुईखाली अस्तर सरकत होते आणि मी मनात ओरडत होते, अरे, माझ्याबद्दल विचार! अखेर त्याने चाचरत विचारले, "आणि... पोटापाण्याचं सामान?"

"करतो काय तुमचा मित्र?"

खोटे बोलवेना, खरे सांगवेना. "मास्तर आहे," तो पुटपुटला.

वकीलबाई हसल्या. "मग काय, खडू आणि फडकं! कोण नेणार?"

शाळेतला नव्हे, शिवणारा मास्तर, एवढेच सांगायचे होते. पण मेला खाली मान घालून पायडल मारत राहिला.

पाठोपाठ मेहुणा आला. त्याचे कॉफीचे दुकान होते. "दाजी, अर्ज करायच्या आधी मशीन माझ्या नावावर करा. नाहीतर जप्तीत जाईल."

"अहो, आधी त्या बाईंना विचारा तरी," मास्तरची बायको म्हणाली.

"मित्राचं किती वेळा विचारू?" तो खेकसला आणि सही करून मोकळा झाला.

मेहुण्याने माझे धड भंगारात विकले, पायांवर काच बसवली आणि माझे टेबल केले. माझ्यावर लोक उष्टे कप ठेवतात आणि 'काय छान आहे' म्हणतात.

शेवटी मास्तर स्वतःच्या नावाने वकीलबाईंपुढे बसला. त्यांच्या ऑफिसात कोणी बघेल म्हणून मेहुण्याच्या दुकानात, आणि नेमका माझ्यापाशी.

"मशीन कुठंय?" बाईंनी विचारले.

"मेहुण्याच्या नावावर केली. जप्तीच्या भीतीनं."

बाईंनी पेन खाली ठेवले. "अहो, शिंप्याची मशीन म्हणजे त्याचं पोट. ती तुमच्याकडंच राहिली असती. आता कोर्ट विचारणार, का दडवली?"

"दडवली नाही हो! तुम्हाला विचारलं होतं की मी."

"मला तुम्ही शाळेतल्या मास्तरचं विचारलंत."

सवयीने त्याचे पाय पायडलवर आले. मी हलले, चाक फिरले, वर कप खडखडले.

"दाजी, पाय हलवू नका, काच फुटेल!" मेहुणा गल्ल्यावरून ओरडला.

मुलांनो, मशीनला वेळच्या वेळी तेल घाला, असे मी शेवटी सांगणार होते. ते घालाच. पण दुखणे आपले असेल तर आपल्या नावाने विचारा, मित्राला पुढे करू नका. मास्तरवरचा माझा राग गेलेला नाही. तरी त्याचा पाय लागला आणि मी हलले. त्या हलण्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.