पाचव्या स्टुलावरची ऊब

आमच्या कारखान्याने पाच थर्मामीटर मागवले होते. ते येईपर्यंत म्हणून आम्हा पाच बायकांना ठेवलं, आणि ते काही आले नाहीत. त्यामुळे मी अकरा वर्षं थर्मामीटर होते.

काम सोपं. नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड थरात, गुंडाळलेली तांब्याची लांबलचक सळई, तिचं एक टोक पाण्याच्या टाकीत. सळईच्या कडेने पाच स्टुलं आणि प्रत्येकीसमोर नमद्यात बोटापुरती कापलेली खिडकी. त्या नमद्याचा दमट वास अजून माझ्या नाकात आहे. टाकीत गरम पाणी सोडलं की बोट टेकवून बसायचं. ऊब लागली की "आलं!" म्हणायचं, निवली की "गेलं!" कारकून वेळ टिपून घ्यायचा. टाकीजवळच्या पहिल्या स्टुलावरच्या मावशीला लगेच बोलावं लागे. माझं स्टूल पाचवं. माझ्यापर्यंत ऊब यायला जेवणाची सुट्टी व्हायची.

"तुझं बरंय गं," मावशी म्हणायची, "माहेरपणाला आल्यासारखी बसतेस."

नवे साहेब आले, त्यांनाही तेच दिसलं. "या बाई सकाळपासून तोंड उघडत नाहीत. उद्या जेवणाच्या घंटेपर्यंत काही बोलल्या नाहीत तर पाचवी जागा बंद."

घरी वडील अंथरुणाला खिळलेले, कमावती मी एकटी. मी घरी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीचं "आलं" झालं, मग दुसरीचं, तिसरीचं, बऱ्याच वेळाने चौथीचं. माझं बोट गारच.

"म्हणून टाक की आलं!" चौथी कुजबुजली. "कोण बघायला येतंय?"

पण न आलेलं आलं कसं म्हणायचं? थर्मामीटरच खोटं बोलायला लागला तर मग उरलं काय?

घंटेला दहा मिनिटं होती तेव्हा साहेबांचाच धीर सुटला. त्यांनी टाकी रिकामी करवली आणि गार पाणी भरलं. "संपला विषय!"

"गेलं!" मावशी ओरडली.

"आलं!" मी ओरडले.

साहेब गर्रकन वळले. "बाई, टाकीत गार पाणी आहे."

"हो साहेब. हे सकाळचं आहे. वाटेत होतं."

"मी बंद केल्यावर येईलच कसं?"

"त्याला कुणी कळवलं नसेल," कारकून मान वर न करता म्हणाला.

साहेबांनी मावशीपुढच्या खिडकीत बोट टेकवलं. थंडगार. मग माझ्यापुढे टेकवलं आणि तिथेच थांबले.

"वाढतंय की हो," ते हळूच म्हणाले, आणि माझंच स्टूल ओढून बसले. घंटा झाली, आम्ही जेवून आलो, साहेब तसेच. कुणी कागद आणला तर डाव्या हाताने सही करत.

चार वाजता त्यांचा आवाज आला. "गेलं."

कारकुनाने वेळ लिहिली. साहेब बोट चोळत उठले. "हे एकटीचं काम नाही," ते म्हणाले, आणि पाचव्या जागेवर आणखी एक बाई नेमायचा हुकूम काढला.

मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.