रंगाऱ्याचा बाप्तिस्मा

मी पिंप बोलतोय. दचकू नका. पिंपं बोलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण ज्याच्या पोटात एका माणसाचं आयुष्य बदललं, त्याने तरी किती दिवस गप्प बसायचं? शिवाय मी पाणी साठवायचं साधंसुधं पिंप नाही. मी रंगाऱ्याचं पिंप आहे.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. जाड फळ्या वाफेवर वाकवून, त्यांना लोखंडी पट्ट्या आवळून त्याने मला घडवलं. रुंदीला एवढं, की दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन आत बसतील. मला विकत नेणारा रंगारी म्हणजे या गोष्टीतल्या दोन भावांचा बाप. त्याने मला दुकानाच्या मागच्या खोलीत, उतरत्या फरशीवर ठेवलं आणि पहिल्याच दिवशी गळ्यापर्यंत निळा रंग ओतला. तेव्हापासून चाळीस वर्षं माझ्या नशिबी निळाच. लाल, पिवळा आणि काळा यांची पिंपं शेजारीच होती. पण कामगारांचे पोशाख आणि दुकानांचे पडदे सगळे निळे, त्यामुळे सगळ्यांत जास्त काम माझ्याकडे. माझा तोराही त्या मानाने जरा जास्तच होता, हे कबूल करतो.

बाप गेला, आणि दुकान दोन्ही मुलांकडे आलं. थोरला मुकाट्याने काम करणारा. सकाळी आला की वाडवडिलांच्या रीतीने दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहायचा, मग बाह्या वर सारून रंग ढवळायला घ्यायचा. धाकटा मात्र नाकावर राग घेऊनच जन्माला आलेला. कापडावर एवढासा पट्टा उमटला तरी त्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. त्याचं लग्न झालं नव्हतं. एवढा आरडाओरडा रोज ऐकायला कोण येणार, असं वहिनी तोंडावरच म्हणायची. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. तिघं एकाच घरात राहायची, एकाच टेबलावर जेवायची, आणि भांडण झालं तरी ताट कोणी बाजूला नेत नसे.

एकदा एक म्हाताऱ्या शिवणकामवाल्या बाई आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या गायकांचे पंधरा झगे घेऊन आल्या. विटून विटून त्यांचा रंग कुठला होता हेच कळत नव्हतं. ते निळे करून द्यायचे होते, रविवारच्या उपासनेच्या आत. धाकट्याला ते पोचवायला उशीर झाला. तो पोचला तेव्हा चपलांच्या दुकानावरच्या खोलीत, मंडळीच्या उपासनेच्या जागी, लोक जमले होते. गायकांनी झगे तिथेच अंगावर चढवले आणि गायला सुरुवात केली. रंग कुठे कमीजास्त बसलाय का ते बघायला म्हणून हा मागच्या बाकावर टेकला, आणि शेवटपर्यंत बसून राहिला.

पुढच्या रविवारी कुठलंच कापड पोचवायचं नव्हतं. तरी गेला.

हे दोन वर्षं चाललं. आधी थोरल्याने चेष्टा केली, मग दुर्लक्ष केलं. पण एक दिवस असं झालं की थोरल्याच्या हातून अख्खा तागा वाया गेला. मी आतून पाहत होतो. आता आभाळ कोसळणार, म्हणून मी पट्ट्या घट्ट आवळून धरल्या. धाकटा आला, त्याने तागा पाहिला, आणि म्हणाला की असू दे दादा, परत बुडवू. एवढ्यावर थांबला नाही. बापाच्या आजारपणात तुला लोकांसमोर नालायक म्हणालो होतो, ते चुकलं माझं, असंही म्हणाला. थोरल्याने ढवळायची काठी खाली ठेवली. त्याने भावाच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ताप नव्हता. त्याच संध्याकाळी जेवताना धाकट्याने सांगितलं की तो ख्रिस्ती होणार आहे, येत्या महिन्यात बाप्तिस्मा घेणार आहे. वय वर्षं त्रेपन्न. जेवणाच्या टेबलाशी मला कोण बोलावणार? पण दुसऱ्या दिवशी दोघंही माझ्या काठाशी उभे राहून तेच बोलत होते, त्यामुळे मला सगळं कळलं. थोरला भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला की तुला जे करायचं ते कर, मला बोलावू नकोस.

आता अडचण अशी होती की बाप्तिस्म्यासाठी माणूस पूर्ण बुडेल एवढं पाणी लागतं. ही मंडळी एरवी गावाबाहेरच्या तळ्यावर जायची, पण तळं दुरुस्तीसाठी कोरडं केलेलं. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, पूर्वी पोस्टमन होते, शांत आणि हसरा माणूस. ते म्हणाले की वरच्या खोलीत मोठं पिंप चढवलं, तर आपण सगळे पिंपासकट खालच्या चपलांच्या दुकानात उतरू. तेव्हा धाकट्याने माझं नाव काढलं. पिंप आहे, पाणी आहे, उतरती फरशी आहे. मी आयुष्यभर तिथेच कापड बुडवलं, आता मीच बुडतो, असं म्हणाला.

पण मी दोघांच्या मालकीचा. थोरला म्हणाला की बापाचं पिंप आहे, त्यात काय बुडवायचं ते दोघांनी ठरवायचं. मग वहिनी मध्ये पडली.

"निम्मं भाऊजींचं आहे ना? मग त्यांच्या निम्म्यात बुडू द्या त्यांना."

पिंपाचं निम्मं कसं करायचं ते तूच सांग, असं थोरला पुटपुटला. रविवारी सकाळी दुकान वापरा, मी तिथे नसेन, एवढं बोलून तो उठला. धाकटा हो म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला होता. त्याला पिंपाची परवानगी नको होती, भाऊ हवा होता. त्याने पाळकांनाही तसं सांगितलं. मी सगळ्यांची क्षमा मागितली, पण ज्याने माझं सगळ्यांत जास्त ऐकून घेतलं तोच येणार नाही, असं म्हणाला आणि रडला. मला फार वाईट वाटलं.

तीन दिवस त्याने मला घासलं. सोडा, ब्रश, राख, काही सोडलं नाही. चाळीस वर्षांत मला अशी आंघोळ कोणी घातली नव्हती. शेवटी पाणी भरून पाहिलं तर काचेसारखं स्वच्छ. शनिवारी मला गार पाण्याने काठोकाठ भरून तो घरी गेला.

रविवारी उजाडताच दाराची कडी वाजली. आला तो थोरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटून आपली दोन मिनिटं उभा राहिला, आणि मग कोपर माझ्या पाण्यात घातलं. रंगाचं पाणी पारखायची त्यांच्या घराण्याची हीच रीत. पाणी बर्फासारखं होतं. लहानपणी धाकट्याच्या छातीत कफ भरून तो मरतामरता वाचला होता, हे थोरला कसा विसरणार? स्वतःशीच पुटपुटत त्याने मोठी शेगडी पेटवली, पातेली चढवली, आणि माझ्यातलं गार पाणी काढून गरम ओतत राहिला. दर पातेल्याला कोपर घालून पाहायचा. पाणी छान कोमट झालं तेव्हा बाहेर पावलं वाजली, आणि हा बाबा वाळत घातलेल्या पडद्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

इथेच घात झाला. गार पाण्याला माझ्या फळ्या काही देत नाहीत. कोमट पाणी लागलं की त्या सैल पडतात आणि चाळीस वर्षं जिरवलेलं सगळं सोडू लागतात. थोरल्याला हे माहीत होतं, बापाने पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पण भावाच्या छातीच्या काळजीत तो सगळी रंगारीगिरी विसरला. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझं कोण ऐकतो! खोलीत उजेड बेताचा, माझं पोट आतून काळपट, त्यामुळे पाण्यात काय चाललंय ते कोणालाच दिसलं नाही.

लोक जमले. वहिनीही आली, कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभी राहिली. पांढऱ्या सदऱ्यातला धाकटा स्टुलावर चढून आत उतरला आणि पाणी कोमट लागल्यावर चकित झाला. पाळकांनी विचारायचं ते विचारलं. त्याने स्पष्ट आवाजात विश्वास आहे म्हणून सांगितलं. मग पाळकांनी एक हात त्याच्या पाठीला लावला आणि त्याला पूर्ण पाण्याखाली नेलं. त्या क्षणी त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर होतं. तो घाबरलेला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगतो.

वर आला तो निळा. सदरा निळा, मिशी निळी, कानांच्या पाळ्या निळ्या. पाळकांचे हात कोपरापर्यंत निळे. धाकट्याने स्वतःच्या बाह्यांकडे पाहिलं आणि बाहेर यायला काठ धरला, तेवढ्यात पडद्यांमागून आवाज आला.

"हलू नकोस! तसाच वर आलास तर पट्टे पडतील. अजून एकदा पूर्ण बुड."

थोरला तरातरा पुढे आला. अर्धवट बसलेला रंग त्याला कुणाच्याही अंगावर बघवत नसे.

"एकदाच बुडायचं असतं हो," पाळक हळूच म्हणाले.

धाकट्याचं तिकडे लक्षच नव्हतं. "दादा, पाणी तू तापवलंस?"

थोरल्याने वहिनीच्या हातातला टॉवेल घेतला, भावाला हात देऊन बाहेर काढलं आणि त्याचं डोकं खसाखसा पुसू लागला. पुसता पुसता विचारलं, "आता तू बदललास. तुला हाक तरी काय मारायची मी?"

"धाकट्या म्हण," टॉवेलच्या आतून उत्तर आलं. "मी कितीही बुडालो तरी तुझ्याहून मोठा थोडाच होणार आहे?"

आधी हसला तो थोरला. मग वहिनी, मग सगळी खोली. ते झगेवाले गायला लागले, आणि थोरला गाणं न गाता तसाच भावाच्या खांद्यावर टॉवेल धरून उभा राहिला.

धाकट्याचे कान आठ दिवस निळे होते. गिऱ्हाइकांनी विचारलं की तो लपवाछपवी न करता सगळं सांगायचा, आणि थोरला मागून चुका दुरुस्त करायचा.

आता दुकानात स्टीलची पिंपं आली आहेत. मी त्या मंडळीच्या नव्या जागेच्या अंगणात असतो, आतून पत्रा ठोकलेला, त्यामुळे निरुपद्रवी. कोणी मोठेपणी असा निर्णय घेऊन आलं की मला भरतात. थोरला अजूनही स्वतःच्या रीतीने डोळे मिटतो, उपासनेला आत बसत नाही. पण बाप्तिस्मा असला की सगळ्यांच्या आधी हजर होतो.

माझं तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं कोणी एक दिवस असं काही ठरवून आलं, तर हवं तर रुसा, चार दिवस अबोला धरा. पटलं नाही तर नाही म्हणा. पण त्या दिवशी सकाळी लवकर उठा, आणि त्याचं पाणी फार गार नाही ना, ते बघून या.