गुडघा, पेडल आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी हवाईयन गिटार आहे आणि मला माणसांचा अगदी वीट आला आहे. माझ्यासाठी एक पेडल निवडायला आमच्या घराला महिना लागला. त्यासाठी मोबाईलला विचारले, खाडीपलीकडच्या बँडवाल्याला विचारले. मला मात्र कुणी विचारले नाही.

मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात, शिसवीच्या फळीतून माझा जन्म झाला. इतर गिटारींसारखी मी छातीशी धरली जात नाही. मला मांडीवर आडवी ठेवतात, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात आणि उजव्या हाताने तारा छेडतात. त्यामुळे मी जन्मभर छपराकडे तोंड करून पडलेली आहे. माणसांच्या हनुवट्या मला पाठ आहेत, पाय कधीच दिसत नाहीत.

रामजींनी मला तरुणपणी घेतले आणि माणगावजवळच्या आपल्या गावी आणले. दर जयंतीला विहारापुढे त्यांची गायन पार्टी बसे. त्या काळी शहरातल्या मोठ्या वादकांकडे फिरत्या भोंग्याचे एक स्पीकरचे कपाट असे. आत भोंगा फिरला की सूर जवळ येई, लांब जाई, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलाच्या हाकेसारखा. आमच्या पार्टीकडे असले कपाट कुठून येणार? रामजींनी माझ्या स्पीकरपुढे चक्क टेबलफॅन ठेवला. त्यांच्या पत्नी इंदूबाई शेजारी बसून झांज वाजवत. अंतरा संपत आला की त्या पंख्याची कळ एकवरून तीनवर नेत आणि माझा सूर आधी हळू, मग भरभर थरथरू लागे. बायका डोळ्यांना पदर लावत. लोक म्हणत, "रामजीची गिटार रडते."

मग कीबोर्ड आला. एकाच पेटीत बासरीही आणि सनईही. मला चादरीत गुंडाळून कपाटावर टाकले. माझ्या तारांवर गंज चढला आणि पंखा भंगारात गेला.

यंदा मात्र जयंतीच्या मंडळाने रामजींना त्यांचे जुने गाणे गिटारवर वाजवायला सांगितले. त्या दिवशी मी त्यांची हनुवटी कितीतरी वर्षांनी वर उचललेली पाहिली. अडचण एकच होती. हल्ली मंडपवाला माझी वायर थेट आपल्या मशीनमध्ये खुपसतो आणि स्पीकर मैदानाच्या टोकाला खांबांवर टांगतो. पंखा ठेवायचा कुठे? तो घुमणारा सूर नसेल तर वाजवणार नाही, असे रामजींनी सांगून टाकले.

दिघीच्या बंदरात नोकरी करणारा त्यांचा मुलगा हितेश म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. आता पेडल मिळतं. पायाने दाबायचं, फिरत्या भोंग्याचा आवाज हजर."

इथून माझे हाल सुरू झाले. हितेशने खाडीपलीकडच्या, आगरदांड्याच्या सुजित बँडवाल्याकडून एक पेडल फेरीबोटीने आणले. त्याला वेग एकच. गाणे सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळे नुसते गरगर. "माज्या पोटात कालवतंय," रामजी म्हणाले. मग त्यांची मुलगी प्रज्ञा, जी शाळेत शिक्षिका आहे, तिने सतरा ठिकाणचे अभिप्राय वाचून दुसरे मागवले. त्यात हळू आणि भरभर असे दोन्ही वेग होते. आवाज तर पंख्याहून गोड. मला वाटले, सुटले एकदाची.

पण अंतरा संपला, रामजींनी पेडल दाबले आणि सूर घसरला. पुन्हा दाबले, पुन्हा घसरला.

मित्रांनो, गोष्ट किती साधी होती! रामजींचा घोटा आता वळत नाही, म्हणून पेडल दाबायला त्यांना अख्खा पाय उचलावा लागतो. पाय उचलला की गुडघ्यासकट मांडी वर येते, मांडीबरोबर मी उचलली जाते आणि कांडी जागची हलते. मोबाईलवरच्या व्हिडिओतले वादक गिटार गळ्यात अडकवून उभे होते. त्यांना पाय हलवायला काय जाते? मी घसा फोडून सांगत होते, की हाताचा दोष नाही, गुडघ्याचा आहे. पण माझा आवाज म्हणजे यांना बेसूर तार.

"पेडलच खराब आहे," हितेश म्हणाला. तिसरे आले.

"दादा, याचं बटण कडक आहे, सगळ्यांनी तसंच लिहिलंय," प्रज्ञा म्हणाली. चौथे आले. भावंडे एकमेकांवर चिडत होती आणि रामजी आपला डावा हात उलटसुलट करून पाहत होते.

जयंती दोन दिवसांवर आली तेव्हा त्यांनी मला फडक्याने पुसले आणि खाटेवर ठेवले. "हितेश, ही सुजितला देऊन टाक. माजा हात गेला. आता सुरात पडत न्हाय."

मला रडू आले. ज्या हाताने मला आयुष्यभर बोलते केले, तो हात चांगला असताना त्याला निकामी ठरवले जात होते, तेही एका गुडघ्यापायी.

इंदूबाई स्वयंपाकघरातून तणतणत आल्या. "अवो, म्हयनाभर ह्या घरात एक गानं धड आयकलं न्हाय. द्यायचीच हाय तर देन्याआधी एकदा पुरं वाजवा."

त्या झांज घेऊन शेजारी बसल्या. रामजींनी मला मांडीवर घेतले. अंतरा संपत आला तसा इंदूबाईंचा हात सवयीने पंख्याच्या कळीकडे गेला. तिथे पंखा नव्हता. पुढे काय झाले ते मला दिसले नाही, पाय मला दिसतच नाहीत. एवढेच कळले, की रामजींची मांडी जराही हलली नाही आणि माझा सूर थरथरत वर चढला.

रामजींनी खाली पाहिले. मला मागाहून कळले, पेडलवर इंदूबाईंचा पाय होता.

"माजा हात हाय की गं अजून," ते हळूच म्हणाले.

"हात कुटं गेला व्हता? कळ मी फिरवायची. तुमाला कुनी सांगितलं व्हतं पाय हलवायला?"

जयंतीला विहारापुढे व्यासपीठावर एकच खुर्ची होती. रामजींनी दुसरी मागवली. निवेदकाने पुकारले, "गिटारवर, रामजी." रामजी माइककडे वाकले. "दोगं हाव. इंदूबाईचं नाव घ्या." इतक्या वर्षांत त्यांचे नाव कुणी माइकवर घेतले नव्हते. ते ऐकून त्या अशा गोंधळल्या, की पहिल्या अंतऱ्याला पेडल दाबायचेच विसरल्या. रामजींनी कोपराने हळूच ढोसले, मांडी मात्र हलू दिली नाही. मग मी रडले, आणि ऐकणारेही.

आता मी खुंटीवर असते, झांजेच्या शेजारी. माझ्या चादरीत उरलेली पेडले गुंडाळून कपाटावर ठेवली आहेत. मित्रांनो, जुन्या वाद्याच्या तारा कोरड्या फडक्याने पुसत जा, त्याला अडगळीत टाकू नका. आणि नवी वस्तू जरूर आणा, पण आधी एवढे आठवा, की जुनी वस्तू चालत होती तेव्हा तिची कळ कोण फिरवत होते.