गोमा भगताची देवलिपी

बुधवारी सकाळी शेणव्याजवळच्या पाड्यावर गोमा भगताच्या ओट्याला पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर एक कागद होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं, पुढे नारळ.

कागद राहीचा. बारावी झालेल्या या पोरीने कल्याणला नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. उत्तर शहापूरच्या संगणकाच्या दुकानात ईमेलने आलं. तिचा बाप रामू ते छापून घेऊन आला, आणि बघतो तर त्यात मराठीचं एक अक्षर नाही. नुसते डोक्यावर दोन टिंबं घेतलेले गोल, उलटी प्रश्नचिन्हं आणि शेपट्या.

"देवलिपी," भगत म्हणाला. "हा टिंबांवाला गोल बघा. आईचे डोळे. कपाळावर गेलेत, म्हंजे रागावली."

"काय म्हनते?" रामूने विचारलं.

"पोरीनं वर्षभर वेस ओलांडायची नाय. देवळाची झाडलोट करायची. आन गोमा भगताचं सरपन भरायचं, वर एक कोंबडा."

"तुमचं नावपन लिवलंय?" शेजारच्या सोनूबाईने विचारलं.

"आडनावासकट."

राहीची आजी सुंदरा मागे बसली होती. साठीला आल्यावर ती साक्षरता वर्गात मुळाक्षरं शिकली. एकदा ओळखलेलं अक्षर ती कुठल्याही ओळीत धरून काढायची. भगताचं बोट कागदावरून फिरत होतं, तशी तिची नजर. तोच गोल एकदा 'आई' झाला, एकदा 'सरपण', शेवटी 'कोंबडा'.

"गोमादादा, आमच्या बाईंनी शिकवलं, क कुठंबी क. तुमचा गोल दर ओळीला बदलतो कसा?"

"देवाची मर्जी, सुंदराबाय."

"मग देवाला तरी परत वाचता येतं का?"

लोकांनी तिलाच गप्प बसवलं. ती उठली आणि जीप धरून थेट शहापूरला गेली.

दुकानातली वंदना ओशाळली. "आजी, त्या दिवशी आमच्या मशीनमध्ये तो मराठी फाँटच नव्हता. आता टाकलाय." तिने तेच पत्र उघडून फाँट निवडला. गोल आणि शेपट्या जाऊन अक्षरं उभी राहिली: राहीने शुक्रवारी सकाळी दहाला दाखल्यांसह हजर राहावे, न आल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल.

"हे झालं कसं गो?"

"संगणकात अक्षर नसतं, आजी. आकडा असतो. शाळेत सात नंबर पुकारला की या वर्गात एक पोर उठतं, शेजारच्या वर्गात दुसरंच. फाँट म्हणजे वर्ग. आकडा तोच, वर्ग चुकला."

सुंदराने मान हलवली. "आता मला दुसरं कायतरी असंच चुकवून दे. आन त्याचंच एक बरोबर."

गुरुवारी तिने नवा कागद ओट्यावर ठेवला. भगताने तो कपाळाला लावला.

"आई निवळली. म्हनते, कागद पान्यात बुडवा, तीर्थ घ्या, सात पिढ्यांचं दुखनं जाईल. पन पोरगी इथंच पायजे."

पाणी वाटलं गेलं. गर्दीतल्या पांडूने ओंजळ तोंडाशी नेली.

"थांब रे जरा," सुंदरा म्हणाली. "राही, याच कागदाचा हा बरोबरवाला वाच मोठ्यानं."

राहीने वाचलं: "म्हशीच्या गोचिडांवर खात्रीचा उपाय. अंगास चोळावे. तोंडात जाऊ देऊ नये."

पांडूने ओंजळ सोडली. त्याच्या शेजारी बसलेली रत्नप्रभा आधीच प्यायली होती. ती थुंकायला ओट्यामागे धावली.

"आता तुला गोचीड लागायचे नाय," सोनूबाई म्हणाली.

"म्हशींचीबी देवी असते," भगत पुटपुटला.

"असंल. पन कालचं पत्र राहीचं हाय." सुंदराने वंदनाने नीट छापून दिलेलं ते पत्र वाचलं, बोट ओळीवर ठेवून, अडखळत, शेवटच्या शब्दापर्यंत. मग हजेरीच्या नंबरांची गोष्ट सांगितली. ती शाळेतल्या पोरांना आधी कळली, मोठ्यांना मागून.

रामू घरात गेला आणि पेटीतले दाखले काढून पिशवीत भरू लागला.

तरीही लोक घुटमळत होते. सुंदरा त्यांना म्हणाली, "कागद कळला नाय तर कळला नाय म्हना. मी साठ वर्सं तेच म्हनत होते, काय बिघडलं नाय. ज्याला कळतं त्याच्याकडं न्या. आन तो वाचेल ते दुसऱ्या दिवशी परत वाचून घ्या. खरं असंल तर तसंच निघेल."

शुक्रवारी दहाच्या आधी राही कल्याणला पोचली होती.