सरांचे आठ

"मला आठ रद्द करायचेत," आमची विद्यार्थिनी दुन्या म्हणाली आणि अर्ज माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

सर्बियातल्या निश विद्यापीठाच्या आमच्या गणित विभागात सहायक म्हणून माझी उमर गेली, पण स्तामेन्कोविच सरांचे आठ कुणी परत केल्याचं ऐकलं नव्हतं. आमच्याकडे मिळालेले गुण रद्द करून परीक्षेला पुन्हा बसता येतं. जुने गेले ते गेलेच, मग नवे मिळतील ते पदरात घ्यायचे. सरांनी मात्र जन्मात कुणाला दहापैकी आठांच्या वर दिले नाहीत. त्यांचे आठ मिळालेले लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते सांगतात. मीही सांगते.

"डोकं फिरलंय का तुझं? आणि पुन्हा बसून सहावर आलीस म्हणजे?"

"स्लावित्साताई, इथे आठ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक. बाहेर पीएचडीच्या अर्जात त्यांना नुसते दहापैकी आठ दिसतात. गेल्या वर्षी सगळीकडून नकार आला. यंदाही आला तर कुठल्यातरी शाळेत लागेन. मग गणित सुटलंच माझं."

दरवर्षी हुशार मुलं जातात, मी त्यांचे कागद लावून देते आणि पुन्हा नव्या वर्गासमोर उभी राहते. या पाठवणीचा मला मनापासून शीण आला आहे. तरी तिला घेऊन सरांकडे गेले.

सर खिडकीशी बसून चीज भरलेला बुरेक खात होते. त्यांनी ऐकून घेतलं, बोटं पुसली.

"किती हवेत?"

दुन्या गोंधळली. "दहा. म्हणजे, जमले तर."

सरांनी कागद ओढला, दहा लिहिले, खाली सही केली. "घे. मुदत संपेल तुझी."

"पण सर, तुम्ही काही विचारलंच नाही."

"काय विचारू, पोरी? मी आठावर अडून बसलो म्हणून कुणी थांबलं का? जायचे ते गेलेच. नुकसान तेवढं तुझ्यासारख्यांचं झालं."

त्यांचा आवाज फार थकलेला होता.

दुन्याने कागदाला हात लावला नाही. तिने खडू उचलला. "मागच्या वेळी जिथे अडले होते, ते सिद्ध करते. तुम्ही नुसतं बघा."

ती लिहू लागली. सर आधी बुरेककडेच बघत होते, मग त्यांनी खुर्ची वळवली.

"थांब. ही पायरी कशावरून?"

तिने विचार केला, दोन ओळी पुसल्या, वेगळ्या लिहिल्या. फळा भरला तेव्हा सर उठले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे घाई केलीस."

"हो, सर."

"आठ," सर म्हणाले.

दुन्याचा चेहरा उजळला. इतका वेळ टेबलावर पडलेल्या दहांकडे बघताना तो तसा झाला नव्हता. तिने तो दहाचा कागद पिशवीत टाकला, सरांचा हात हातात घेतला आणि कचेरीतली शिक्क्याची खिडकी उघडी असेल का, असं मला विचारलं. "पळ लवकर," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी फळा पुसायला फडकं उचललं.

"राहू दे गं," सर म्हणाले. "मला अजून बघायचंय."